मल्टिव्हॅल्यू डेटाबेसमधील जुना डेटा हलवताना या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यातला केळीचा व्यापारी शेतकऱ्याच्या नावाचे एक पान उघडतो आणि प्रत्येक कापणीची तारीख, वजन व भाव त्याच पानावर एकाखाली एक लिहीत जातो. मल्टिव्हॅल्यू डेटाबेसमधील नोंद अशीच असते.

तिला रिलेशनल डेटाबेसची (ओळी-रकान्यांचे तक्ते, प्रत्येक रकान्यात एकच मूल्य) बिघडलेली नक्कल मानणे, ही पहिली चूक. डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी १९६५ च्या सुमारास टीआरडब्ल्यू कंपनीत, अमेरिकी लष्कराच्या शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी ही रचना उभी केली. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरील निबंध त्यानंतर, १९७० मध्ये आला. मायक्रोडेटा कंपनीने १९७३ मध्ये पिक यांची रचना ‘रिॲलिटी’ या नावाने बाजारात आणली आणि युनिव्हर्स, युनिडेटा हे डेटाबेस तिचीच पुढची पिढी. त्यामुळे एका रकान्यात अनेक मूल्ये दिसली, तर तो दोष समजू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक मूल्यांच्या क्रमाची आहे. रकाने २५४ क्रमांकाच्या चिन्हाने, रकान्यातील मूल्ये २५३ ने आणि उपमूल्ये २५२ ने विभागलेली असतात. तिसऱ्या तारखेचा भाव कोणता, हे केवळ तिसऱ्या जागेवरून ठरते. तिसरी कापणी रद्द झाली म्हणून तारीख आणि वजन पुसले, पण भाव तसाच राहिला, तर चौथ्या कापणीचे वजन तिसऱ्या भावाने गुणले जाते आणि संगणक कोणतीही तक्रार करत नाही. शेतकऱ्याची पट्टी चुकते ती इथेच. म्हणून सर्व संलग्न रकान्यांतून एकाच जागेचे मूल्य काढावे, भाव ठरलेला नसेल तर जागा रिकामी ठेवावी आणि डेटा हलवण्यापूर्वी ‘डीकाउंट’ या मूल्ये मोजणाऱ्या फंक्शनने प्रत्येक नोंदीतील मूल्यांची संख्या जुळवून पाहावी. नव्या प्रणालीत ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडून एका रकान्यात कोंबू नयेत. प्रत्येक कापणीची स्वतंत्र ओळ करून तिचा मूळ क्रमांक सोबत न्यावा.

तारखा चुकीच्या दिसल्यास घाबरू नये: येथे तारीख दिवसांच्या आकड्यात साठवतात आणि ३१ डिसेंबर १९६७ हा शून्यावा दिवस असल्याने एक्सेलच्या नेहमीच्या १९०० पद्धतीसाठी त्या आकड्यात २४८३७ मिळवावे लागतात. भाव शंभरपट दिसत असेल, तर शब्दकोश-फाइलमधील (रकान्यांचे वर्णन ठेवणारी फाइल) ‘एमडी२’ हे दोन दशांश स्थळे दाखवणारे रूपांतर वगळले गेले असण्याची शक्यता आधी तपासावी, कारण १८७५.५० रुपये आत १८७५५० असे साठवलेले असतात.

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये २५२ ते २५४ या क्रमांकांवर अक्षरे असतील, तर शेतकऱ्याचे नावच मध्ये तुटते. असा मजकूर भरण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत या क्रमांकांचे बाइट येतच नाहीत.