हिवाळ्यातल्या ट्रेडच्या गप्पा: मरिनर्सप्रेमींनो, या चुका टाळा

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार, ऐन दिवाळी. सिएटलजवळ बॉथेलला एका मैत्रिणीकडे आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. दारात पणत्या, हातात फराळाच्या बशा आणि टीव्हीवर टोरोंटोहून अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी मॅच. सातव्या इनिंगमध्ये सिएटलची बेसबॉल टीम मरिनर्स ३-१ ने पुढे होती. जिंकली असती तर थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची लढत. १९७७ पासून खेळणारी आणि तरीही एकदाही वर्ल्ड सिरीजमध्ये न पोहोचलेली मेजर लीगमधली ही एकमेव टीम, आणि आता फक्त आठ आउट हवे होते. तेवढ्यात टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने आपल्या एदुआर्द बाझार्दोचा बॉल थेट स्टँडमध्ये भिरकावला. तिघे घरी आले. टोरोंटो ४-३ ने पुढे, आणि मॅच तिथेच गेली. मैत्रिणीच्या सासूबाईंनी काही न बोलता टीव्हीचा आवाज कमी केला.

मॅच संपून अर्धा तासही झाला नसेल, तेवढ्यात खरेदीची यादी सुरू झाली. "बुलपेन पूर्ण बदला." "दोन मोठे रिलीव्हर आणा, बाकी काही नको." (रिलीव्हर म्हणजे मॅचच्या मध्यात उतरणारे पिचर, आणि त्यांचा ताफा म्हणजे बुलपेन.) मला त्या क्षणी कुणाशी वाद घालवला नाही. पण दर हिवाळ्यात, टीम्स खेळाडूंची अदलाबदल (ट्रेड) आणि नवे करार करतात तेव्हा, नेमकं इथेच आपलं गणित चुकतं, म्हणून हे लिहिते आहे.

शेवटची आठवण म्हणजे टीमची गरज नव्हे

त्या मॅचचा स्कोअरकार्ड पुन्हा काढून बघा. मरिनर्सच्या तीन रन्स कुठून आल्या? पहिल्या इनिंगमध्ये हुलिओ रॉड्रिगेझने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला आणि जॉश नेलरच्या हिटवर तो घरी आला. तिसऱ्यात हुलिओचाच होम रन. पाचव्यात कॅल रॅलीचा होम रन. त्यानंतर शेवटच्या चार इनिंगमध्ये शून्य. म्हणजे तिघांनी मिळून सगळं केलं आणि लाइनअपचा खालचा अर्धा भाग गप्प राहिला. स्प्रिंगरचा तो एक फटका आपल्या डोळ्यांसमोरून जात नाही, हे साहजिक आहे. पण एका पिचवरून पुढच्या १६२ मॅचेसची टीम ठरवायची नसते. आणखी दोन रन्स असत्या तर तोच होम रन आपण डिसेंबरपर्यंत विसरून गेलो असतो.

रिलीव्हर आणू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण आधी पूर्ण सीझन बघा, मग शेवटची रात्र.

स्ट्राइकआउटला आजार समजण्याची चूक

स्ट्राइकआउट म्हणजे बॉल मैदानात न मारता, तीन स्ट्राइक होऊन आउट होणं. ही चूक सिएटलला सर्वांत महाग पडली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

२०२३ साली आपला थर्ड बेसमन एउहेनिओ सुआरेझ सगळ्या १६२ मॅचेस खेळला. २२ होम रन, ९६ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर घरी आलेल्या रन्स) आणि २१४ स्ट्राइकआउट. त्याच टीममध्ये तेओस्कार हर्नांडेझ होता: २६ होम रन, २११ स्ट्राइकआउट. टीम ८८ मॅचेस जिंकली आणि एका मॅचने प्लेऑफला मुकली. मग सगळ्यांनी एकच धोशा लावला, हे दोघे बॅट फिरवून परत येतात, यांना काढा. मीही तेच म्हणत होते. नोव्हेंबरात सुआरेझला अॅरिझोनाला देऊन टाकलं. तेओस्कारला क्वालिफाइंग ऑफरसुद्धा (ठरलेल्या रकमेची एका वर्षाची ऑफर) दिली नाही, त्यामुळे तो गेला तेव्हा बदल्यात ड्राफ्ट पिकही, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याची जादा संधीही, मिळाली नाही.

पुढे काय झालं? २०२४ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त स्ट्राइकआउट झालेली टीम पुन्हा मरिनर्सच होती. फरक इतकाच, की आता ते होम रनही नव्हते. ८५ विजय, आणि पुन्हा एका मॅचने हुकलं. तिकडे तेओस्कारने डॉजर्सकडून ३३ होम रन मारले आणि वर्ल्ड सिरीजची अंगठी घातली. सुआरेझने २०२५ मध्ये अॅरिझोनाकडून जुलै संपेपर्यंत ३६ होम रन ठोकले, आणि मग मरिनर्सनी तीन तरुण खेळाडू देऊन त्यालाच परत आणलं.

परत आल्यावर सीझनच्या उरलेल्या दोन महिन्यांत त्याची बॅटिंग अॅव्हरेज .१८९ होती. लोक पुन्हा चिडले. आणि १७ ऑक्टोबरला, टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या मॅचमध्ये, आठव्या इनिंगला बेस भरलेले असताना त्याने ग्रँड स्लॅम, म्हणजे चार रन्सचा होम रन, मारला. सुआरेझ आणि त्याचे स्ट्राइकआउट ही एकाच माणसाची दोन रूपं आहेत, एक ठेवून दुसरं परत करता येत नाही.

इथे आपल्या क्रिकेटच्या सवयीचा थोडा अडथळा होतो. आउट म्हणजे विकेट, आणि विकेट गेली की बॅट्समनचा दिवस संपला, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. बेसबॉलमध्ये चांगल्यातला चांगला हिटरही दहापैकी सहा वेळा आउटच होतो. फर्स्ट बेसवर माणूस असताना कुणी शॉर्टस्टॉपकडे साधा ग्राउंडर मारला, तर डबल प्लेमध्ये दोन आउट जातात. स्ट्राइकआउटमध्ये एकच जातो. तेव्हा स्ट्राइकआउट मोजण्याआधी हे बघा: तो बेसवर किती वेळा पोहोचतो, वॉक (चार खराब बॉलवर फुकट मिळणारा बेस) किती घेतो, आणि बॅट लागते तेव्हा बॉल कुठवर जातो. ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) आणि स्लगिंग (फटक्यांची ताकद) हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी निम्मे वाद मिटतात.

अजून एक गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. आपलं घरचं मैदान टी-मोबाइल पार्क हे हिटरसाठी मेजर लीगमधल्या सर्वांत कठीण मैदानांपैकी एक आहे. एप्रिल-मेमधली थंड, दमट समुद्री हवा बॉलला दूर जाऊ देत नाही. २०१३ च्या सीझनआधी कुंपण आत घेतलं, तरी मूळ स्वभाव बदलला नाही. २०२३ मध्ये तेओस्कारची सिएटलमधली आणि बाहेरची बॅटिंग बघितली तर दोन वेगळे खेळाडू वाटावेत इतका फरक होता. आपण घरच्या मैदानावर बघितलेला तेओस्कार खरा मानला. डॉजर्सनी दुसरा कागद बघितला.

आणि याच मैदानामुळे मोठे हिटर फ्री एजंट म्हणून, म्हणजे करारातून मोकळे झाल्यावर, इथे यायला कचरतात. "अमक्याला साइन करा" म्हणताना तो अमका इथे यायला तयार आहे का, हा प्रश्न आपण विचारतच नाही. सिएटलला हिटर बहुतेकदा ट्रेडनेच मिळवावे लागले आहेत. नेलरही आधी ट्रेडनेच आला. इथे खेळला, त्याला इथे जमलं, आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने ५ वर्षांचा, ९.२५ कोटी डॉलरचा करार केला.

मागच्या वर्षीचा आकडा जसाच्या तसा वाचणं

होर्हे पोलांको २०२४ मध्ये .२१३ ने खेळला. क्लबने त्याचा १.२ कोटी डॉलरचा ऑप्शन (करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क) नाकारला, आणि नंतर त्यालाच ७७.५ लाखांना परत घेतलं. आमच्याकडे त्या सुमाराला जेवायला आलेले एक काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हाच मिळाला का यांना?" मला त्यांचा राग समजत होता. पण मधल्या काळात पोलांकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभर दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून फिरवलेली बॅट आणि बऱ्या झालेल्या गुडघ्यावरची बॅट यांत फरक पडणारच. २०२५ मध्ये त्याने २६ होम रन मारले, आणि डेट्रॉइटविरुद्धची निर्णायक मॅच पंधराव्या इनिंगमध्ये त्याच्याच हिटवर जिंकली.

दर वेळी असंच होईल असं नाही. पण आकडा वाईट दिसला की आधी कारण शोधा. दुखापत होती का? पायांचा वेग कमी झाला का? की बॉल नुसतेच फील्डरच्या हातात जात होते? वय ३४ आणि बॅटचा वेग घसरलेला, हे कारण असेल तर तो आकडा खरा. गुडघा असेल तर थांबा.

"त्याला फर्स्ट बेसवर टाका ना"

हे वाक्य मी दर हिवाळ्यात शंभर वेळा ऐकते. क्रिकेटमध्ये मिड-ऑनचा माणूस कव्हरला पाठवावा तसं हे सोपं वाटतं. ते तसं नाही. फर्स्ट बेसमनला जमिनीवर टप्पा पडून आलेला थ्रो उचलावा लागतो, न बघता पायाने बेस शोधावा लागतो, रनरला धरून ठेवावं लागतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाची तयारी लागते.

बोस्टनचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेड सॉक्सनी अॅलेक्स ब्रेगमनला घेतलं. तो गोल्ड ग्लव्ह मिळवलेला थर्ड बेसमन. पण तिथे आधीच राफाएल डेव्हर्स होता, १० वर्षांच्या ३१.३५ कोटी डॉलरच्या करारावर, आणि थर्ड बेस ही माझी जागा आहे असं स्पष्ट सांगणारा. त्याला डीएच, म्हणजे फील्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा, केलं. मे महिन्यात फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला. मग डेव्हर्सला विचारलं, फर्स्ट बेस खेळशील का? तो नाही म्हणाला. १५ जूनला त्याला सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेड केलं. कागदावर दोन उत्तम हिटर होते, पण मैदानावर जागा एकच होती.

मरिनर्सच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. "फक्त बॅटिंगसाठी एक तगडा डीएच आणा" असं आपण सहज म्हणतो. पण कॅल रॅली कॅचर आहे, म्हणजे पिचरचे बॉल गुडघे मोडून बसून झेलणारा. २०२५ मध्ये त्याने ६० होम रन मारले, आणि त्याच्या पायांना विश्रांती द्यायची तर काही दिवस त्याला डीएच म्हणून खेळवावंच लागतं. ती जागा रोज एकाच माणसाने अडवली, तर कॅलला एकतर गुडघ्यांवर बसायला लावायचं, नाहीतर त्याची बॅट बाकावर ठेवायची. म्हणजे नवा डीएच येतो तेव्हा त्याची किंमत कॅलच्या पायांतून वसूल होते.

चिल्लर देऊन नोट मागणं

"आपले तिघे-चौघे द्यायचे आणि त्यांचा एक स्टार घ्यायचा." समोरची टीम हे का मान्य करील? त्यांच्या ४० जणांच्या यादीत चार जागा मोकळ्या कुठून येणार? ज्यांचे ऑप्शन संपलेत, म्हणजे ज्यांना मोकळं सोडण्याचा धोका पत्करल्याशिवाय मायनर लीगला पाठवता येत नाही, असे खेळाडू आपल्याला नकोसे झालेत, तर त्यांनाही नकोसेच असतील. जुलै २०२२ मध्ये लुइस कास्तिओ हवा होता, तेव्हा मरिनर्सना नोएल्वी मार्ते आणि एडविन अरोयो द्यावे लागले होते. मार्ते तेव्हा आपल्याकडचा सर्वांत नावाजलेला तरुण खेळाडू होता. दुखलं, पण भाव तोच होता.

उलटी चूकही होते. २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी जेम्स शील्ड्ससाठी एक सतरा वर्षांचा मुलगा देऊन टाकला, जो अजून एकही व्यावसायिक मॅच खेळला नव्हता. त्याचं नाव फर्नांडो तातीस ज्युनियर. ट्रेड सुचवताना एकदा खुर्ची बदला आणि समोरच्या टीमच्या चाहत्याच्या जागी बसून बघा. तुम्ही हो म्हणाल का?

पैशांबद्दल थोडक्यात

करारावरचा एकूण आकडा बघून घाबरू नका, आणि हरखूनही जाऊ नका. शोहेई ओतानीच्या ७० कोटी डॉलरपैकी वर्षाला ६.८ कोटी डॉजर्स नंतर देणार आहेत, त्यामुळे लक्झरी टॅक्समध्ये (पगाराचा खर्च मर्यादेबाहेर गेला तर टीमने भरायचा कर) तो वर्षाला साधारण ४.६ कोटींचाच मोजला जातो. दुसरीकडे बाल्टिमोरने २०१६ मध्ये ख्रिस डेव्हिसला ७ वर्षांचे १६.१ कोटी दिले. आदल्या वर्षी त्याने ४७ होम रन मारले होते. २०१८ मध्ये तो .१६८ ने खेळला आणि त्याच सीझनच्या शेवटापासून सलग ५४ अॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) त्याला एकही हिट मिळाला नाही. रक्कम किती यापेक्षा करार संपताना त्याचं वय काय असेल, हे आधी बघा.

आमची वही

हे सगळं लक्षात ठेवायला मी आणि माझा भाचा एक वही वापरतो. पानावर पिचर सोडून आठ जागा आणि डीएच अशा नऊ ओळी. प्रत्येक ओळीत चार रकाने: राइट-हँडर पिचरसमोर कोण, लेफ्ट-हँडरसमोर कोण, हा जखमी झाला तर कोण, आणि करार कधी संपतो. नाव सुचलं की आधी ते या पानावर कुठे बसतं ते दाखवायचं, आणि त्यासाठी कुणाचं नाव खोडायचं तेही सांगायचं. नाव खोडता येत नसेल तर गप्पा पुढे सरकत नाहीत. सुरुवातीला भाच्याला हे कंटाळवाणं वाटायचं. आता तोच मला अडवतो.

नोव्हेंबरात पान उघडलं तेव्हा सुआरेझ आणि पोलांको दोघेही फ्री एजंट झालेले होते. नेलरच्या कराराची बातमी आली त्या दिवशी भाच्याने फर्स्ट बेसच्या ओळीत त्याचं नाव निळ्या पेनने लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात २०३०. मग थर्ड बेसच्या ओळीपाशी येऊन थांबला.

"मावशी, इथे कोण?"

"तूच सांग. लेफ्ट-हँडरसमोर कोण, आणि राइट-हँडरसमोर कोण?"

त्याने बराच वेळ विचार केला, पेन खाली ठेवलं आणि दप्तरातून पेन्सिल काढली.