तोंड आलंय, की बुरशी आहे?

पोळ्या लाटून पोट भरते मी, दत्तवाडीत. एचआयव्हीची गोळी चालू होऊन बरीच वर्षं झाली. मधे सासूबाईंच्या आजारपणात गावी गेले, तिथं दोन महिने गोळ्या चुकल्या. परत आले तर तोंडात आग. आमटीचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. कोपऱ्यावरच्या केमिस्टला म्हटलं, "तोंड आलंय." त्यानं बी-कॉम्प्लेक्स आणि एक जेल दिलं. त्यात पंधरा दिवस गेले. चूक माझीही होती, गोळ्या चुकल्याचं त्याला सांगितलंच नाही.

म्हणून आधी ओळखायला शिका. सकाळी चूळ भरून उजेडात आरशासमोर उभं राहा. गालाच्या आतून, टाळूवर, जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसतोय का? स्वच्छ ओल्या कापडानं हळूच पुसा. निघाला आणि खाली लालभडक, कधी रक्ताळलेलं दिसलं, तर बहुधा कँडिडा नावाची बुरशी. जिभेच्या कडेला पांढऱ्या रेघा असतील आणि पुसून जात नसतील, तर ते वेगळं दुखणं. तेही डॉक्टरांना दाखवा. कधी थर नसतोच, नुसती लाल जीभ आणि चिरलेले ओठांचे कोपरे. एकदाच पुसून बघा, रोज खरवडू नका. टंग क्लीनरनं मीच घासघासून जीभ सोलून घेतली होती.

ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात गप्प बसलेली असते. प्रतिकारशक्ती खाली आली, विशेषतः सीडी-४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) 200 च्या खाली गेला, की डोकं वर काढते. माझा 140 निघाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात एआरटी केंद्र आहे, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ती जागा. तिथं डॉक्टरांनी तोंड बघून पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांशी खोटं बोलू नका. नुसती बुरशी घालवून भागत नाही, एचआयव्हीचं औषध नियमित नसेल तर ती परत येते.

साधारणपणे फ्लुकोनाझोलची गोळी 7 ते 14 दिवस देतात, किंवा क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट. पेंट जेवणानंतर लावायचं, तोंडात जरा वेळ राहू द्यायचं, वर लगेच चहा नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा. टीबीची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर ते आधीच सांगा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या नकोत.

घास गिळताना छातीच्या मधोमध दुखलं, अडकल्यासारखं वाटलं, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. मग थांबू नका. त्याला पेंट पुरत नाही, पोटातूनच औषध लागतं, आणि तेही 2 ते 3 आठवडे.

खाण्यात मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, गार करून. मिसळ, ठेचा, लिंबू बंद. साखर कमी. मिश्री लावत असाल तर ती सोडाच (मला सर्वात जड हेच गेलं). कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. बरं झाल्यावर ब्रश नवा घ्या.

आणि पेला वेगळा ठेवायची गरज नाही. माझ्या जाऊबाईंनी ठेवला होता. एचआयव्ही उष्ट्यानं पसरत नाही, हे त्यांना केंद्रातल्या कौन्सेलरताईंनी समजावलं; मी सांगून पटलं नसतं. केंद्रात जायला धीर होत नसेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आता गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्याशेजारीच असते. सातव्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा खाल्ला मी. लवकर झालं ते, अजून चार दिवस थांबायला हवं होतं.