डच दर्यावर्दींच्या स्मारकातील सूर्यघड्याळावरून वेळ कशी वाचावी

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पहिल्या डच दर्यावर्दींच्या स्मरणार्थ उभारलेले आडव्या तबकडीचे सूर्यघड्याळ पाहताना त्यावरील आकडे उलट्या क्रमाने मांडलेले दिसतात. ती कारागिराची चूक नव्हे. तेथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे सावली पश्चिमेकडून दक्षिणेमार्गे पूर्वेकडे सरकते. शंकूची, म्हणजे सावली पाडणाऱ्या पात्याची, तिरकी कडा दक्षिण खगोलीय ध्रुवाकडे (आकाशातील ज्या बिंदूभोवती तेथील तारे फिरताना दिसतात त्याकडे) रोखलेली असते आणि तेथील पर्थ शहरात ती जमिनीशी सुमारे ३२ अंशांचा कोन करते.

प्रथम सावलीची कडा कोणत्या रेषेवर आहे ते पाहावे. शंकू जाड असेल, तर सकाळी एक कडा आणि दुपारनंतर दुसरी कडा वाचावी लागते. कडा किंचित पुसट दिसतेच, त्यामुळे सेकंदांचा आग्रह धरू नये.

ही झाली स्थानिक सौर वेळ. मनगटावरील घड्याळाची वेळ काढण्यासाठी तिच्यात दोन दुरुस्त्या कराव्यात. पश्चिम ऑस्ट्रेलियाची प्रमाणवेळ १२० अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे, तर पर्थ ११६ अंशांच्या किंचित पश्चिमेस आहे. प्रत्येक अंशास ४ मिनिटे या हिशेबाने सुमारे साडेसोळा मिनिटे मिळवावीत. दुसरी दुरुस्ती तारखेनुसार बदलते: फेब्रुवारीच्या मध्यास आणखी १४ मिनिटे मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे वजा करावी लागतात. म्हणजे तबकडीवर १२ वाजलेले असताना फेब्रुवारीत घड्याळात साडेबारा वाजलेले असतात, नोव्हेंबरमध्ये मात्र दोन्ही जवळजवळ जुळतात. तबकडीजवळ दुरुस्तीचा आलेख कोरलेला असल्यास आधी तो पाहावा, कारण काही आलेखांत रेखांशाची दुरुस्ती अगोदरच धरलेली असते.

माझ्या मते या स्मारकाला सूर्यघड्याळाइतके समर्पक रूप दुसरे नाही, कारण समुद्रावर रेखांश ठरवणे म्हणजे मुळात दोन ठिकाणांच्या वेळांतील फरक मोजणे, आणि त्या खलाशांजवळ दूरच्या बंदराची वेळ टिकवून धरणारे घड्याळच नव्हते. १६११ मध्ये डच दर्यावर्दी हेन्द्रिक ब्राउवरने दाखवलेल्या मार्गाने जहाजे पश्चिमी वाऱ्यांवर पूर्वेकडे धावत; जावाला जाण्यासाठी उत्तरेकडे वळायचे कधी, हा अंदाजाचाच भाग होता. डच कप्तान डर्क हार्टोगचे ‘एन्द्राख्त’ हे जहाज असेच पुढे येऊन २५ ऑक्टोबर १६१६ रोजी एका बेटाशी पोहोचले, आणि त्याने तेथे ठेवलेली कथिलाची थाळी दुसरा डच दर्यावर्दी विलेम दे फ्लामिंग याला १६९७ मध्ये सापडली.

हार्टोगच्या या बेटावर सूर्यघड्याळ वाचायचे झाल्यास, तेथील रेखांश सुमारे ११३ अंश असल्याने, साडेसोळाऐवजी २८ मिनिटे मिळवावीत. तारखेची दुरुस्ती मात्र तीच राहते.