प्रोजेक्टरवर मराठी गीतांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी

घरी नीट दिसणारी गीतांची फाइल चर्चच्या लॅपटॉपवर अगम्य व्हायची. फॉन्ट बदलून ‘मंगल’ केला, पॉवरपॉइंट पुन्हा टाकले, काही नाही. तीन रविवार मंडळी पुस्तकातूनच गायली!

गोम अशी: जुने फॉन्ट मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी साठवतात. तो फॉन्ट नसला की खिचडी.

आधी फाइलची प्रत काढली. मग मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकला, त्याच जुन्या फॉन्टचे नाव निवडून युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे संकेत देणारी पद्धत) केला, नव्या स्लाइडवर फक्त मजकूर म्हणून पेस्ट केला, आणि त्यानंतर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट लावला. रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासाच. माझ्याकडे ‘ख्रिस्त’मधलीच सरकली होती. शनिवारी चर्चच्याच लॅपटॉपवर फाइल उघडून पाहिली.