लाटेसारख्या डेटातून शिखरं आणि तळ शोधताय? या चुका टाळा

समजा एक्सेलमध्ये तुमच्याकडे पुण्यातल्या शिवाजीनगरचं मे महिन्याचं दर तासाचं तापमान आहे, ए कॉलमला वेळ, बी कॉलमला तापमान, चार्ट काढला की मस्त लाटा दिसतात, दुपारी शिखर आणि पहाटे सूर्योदयाच्या आसपास तळ. हेच एक्सेलला सांगायचं म्हटलं की बहुतेक जण एकच फॉर्म्युला टाकतात, वरच्या सेलपेक्षा मोठा आणि खालच्या सेलपेक्षाही मोठा असेल तर शिखर. मग ३१ दिवसांची साधारण ३१ शिखरं यायला हवीत तिथे ढीगभर निघतात, कारण जरा ढग आला, पारा ०.२ डिग्री उतरला आणि परत चढला, झालं, एक शिखर वाढलं! यात फॉर्म्युला चुकलेला नाही, किती रुंद उंचवट्याला शिखर म्हणायचं हे तुम्ही ठरवलंच नाहीये.

आधी ते ठरवा. तासाच्या डेटाला वरचे ६ आणि खालचे ६ सेल घ्या, मधला सेल धरून १३, आणि त्यांच्या मॅक्सशी (सगळ्यात मोठ्या आकड्याशी) तुलना करा, तळाला मिन (सगळ्यात लहान आकडा). पण खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा रोजचा साठा असेल तर वर्षाला एकच मोठी लाट असते, तिथे ६ रो घेऊन काही उपयोग नाही, दोन-तीन महिन्यांची रेंज लागते. रेंजला डॉलर ($) लावून लॉक करू नका हां, नाहीतर खाली ड्रॅग केल्यावर प्रत्येक रोची तुलना त्याच पहिल्या सेलशी होत राहते.

बरोबरीचं पण बघा. दोन आणि तीन वाजता दोन्हीकडे ३८ असेल तर 'पेक्षा मोठा' लावल्यावर दोन्ही गळतात, 'मोठा किंवा समान' लावलं तर दोन्ही मोजले जातात. वरच्या ६ च्या मॅक्सपेक्षा मोठा आणि खालच्या ६ च्या मॅक्सएवढा किंवा मोठा, असं ठेवा, पहिला ३८ तेवढा राहतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे कडा. शेजारच्या सेलशी तुलना करणाऱ्या फॉर्म्युल्यात एक्सेल रिकामा सेल शून्य धरतं, त्यामुळे शेवटच्या चढत्या रीडिंगला फुकटचं शिखर मिळतं, आणि टेक्स्ट कायम नंबरपेक्षा मोठं धरतं, म्हणून हेडिंगखालचं पहिलं रीडिंग तळ म्हणून येऊ शकतं. मधलं एखादं रीडिंग गायब असेल तरी हाच घोळ. पहिल्या-शेवटच्या ६ रोंचा निकाल लावूच नका.

स्मूदिंगला, म्हणजे बारीक चढउतार घालवायला, मूव्हिंग ॲव्हरेज (आसपासच्या काही रीडिंगची सरकती सरासरी) चालतं, पण मागच्या ५ तासांचं घेतलं तर शिखर साधारण २ तास पुढे सरकतं (चार्टमधली मूव्हिंग ॲव्हरेजची ट्रेंडलाइन अशीच मागचं धरते), म्हणून अलीकडचे २ आणि पलीकडचे २ घ्या, आणि शिखराची उंची मूळ कॉलममधूनच वाचा, ॲव्हरेजमध्ये ती कमी दिसते. चार्टवर फक्त शिखरांचे ठिपके हवे असतील तर बाकी सेलमध्ये एनए फंक्शन, म्हणजे NA(), टाका, रिकामे कोट ("") टाकले तर लाइन चार्ट ते शून्यावर काढतो.

एवढं करूनही वळवाचा पाऊस त्रास देतोच. पाच वाजता सर येऊन गेली की पारा धाडकन पडतो, नंतर थोडा चढतो आणि रात्री अकरापर्यंत तेवढा खाली येतच नाही, म्हणजे १३ सेलच्या रेंजमध्येही खोटा तळ टिकतो. शिखर आणि तळ आलटून पालटून यायला हवेत, दोन तळ लागोपाठ दिसले आणि मध्ये शिखर नसेल तर जास्त खोल असलेला ठेवा, दुसरा उडवा.