टॅरोमधील 'डेथ' कार्डाचा अर्थ कसा लावावा

टॅरो या भविष्यकथनाच्या पत्त्यांमधील तेराव्या क्रमांकाचे 'डेथ' (मृत्यू) कार्ड निघाले की प्रश्नकर्ता दचकतो. म्हणून अर्थ सांगण्याआधी त्याला चित्र नीट पाहू द्यावे. पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेल्या, १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचात काळे चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतो, त्याच्या काळ्या निशाणावर पांढरे फूल आहे, राजा कोसळलेला आहे आणि लहान मूल मात्र (हाच सर्वांत बोलका तपशील) सांगाड्याकडे न घाबरता पाहते आहे. त्यामुळे शारीरिक मृत्यूऐवजी एखाद्या पर्वाची समाप्ती व स्थित्यंतर असाच अर्थ बहुधा घेतला जातो. कार्ड उलटे आल्यास बदलाला होणारा विरोध पाहावा. नेमके काय संपते आहे, हे शेजारच्या कार्डांवरून ठरवावे. आजारपणाचे भाकीत मात्र, कितीही आग्रह झाला तरी, करू नये.