कराडच्या कुटुंबाला गाडी घेताना: आभासी डिझाइन स्पर्धेचं परीक्षण

‘ऑटोमेशन’ या खेळात इंजिनाच्या बोअर-स्ट्रोकपासून (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) दाराच्या हँडलपर्यंत अख्खी गाडी आपण बनवायची असते. हा खेळ खेळणाऱ्यांत एक स्पर्धा नेहमी चालते. यजमान एक काल्पनिक गिऱ्हाईक उभं करतो आणि त्याची गरज, बजेट आणि साल सांगतो. बाकीचे आपापल्या काल्पनिक कंपनीची गाडी पाठवतात आणि यजमान एकेक बाद करत शेवटी एक निवडतो. बहुतेक वेळा जिंकणाऱ्याकडे पुढच्या फेरीचं यजमानपद जातं. म्हणजे गाडी चांगली बनवलीत की परीक्षक होणं आलंच, तयारी असो वा नसो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

स्पर्धकांच्या गाड्यांच्या फायली हातात आल्या की परीक्षण सुरू होतं असं नव्यांना वाटतं. खरं तर निकालाचा मोठा भाग तुम्ही गरज लिहिता तेव्हाच ठरलेला असतो. ‘पाच जणांचं कुटुंब, आरामदायी आणि स्वस्त गाडी हवी’ एवढंच लिहिलंत तर एकाच साच्यातल्या गाड्या येतील आणि मग डोकं धरून बसाल. गरजेत दोन गोष्टी एकमेकींशी भांडल्या पाहिजेत.

मी कुटुंब घेतलं कराडचं, साल 2012. नवरा-बायको, दोन मुलं, आजी-आजोबा. आजीचे गुडघे दुखतात, आजोबांना पुढची सीट लागते. वर्षातून दोनदा तरी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं आणि येताना तोच घाट सहा माणसं, आंब्याच्या पेट्या आणि चालू एसी घेऊन चढायचा.

भांडण लावायला भारतातला कर होताच. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीला अबकारी कराची सवलत मिळू लागली. 2012 मध्ये अशा गाडीवर 12 टक्के आणि मोठीवर 24 ते 27 टक्के कर होता. लांब गाडीला मी बंदी घातली नाही, फक्त तिच्या किमतीत हा फरक मिळवणार असं सांगितलं. सहा माणसं मावायला लांबी हवी आणि लांबी वाढली की बजेट फुटतं. हा पेच माझ्या मनातला नाही. त्याच वर्षी बाजारात आलेल्या मारुती अर्टिगाने सात सीटसाठी 4265 मिलिमीटर लांबी पत्करली. चार मीटरच्या आतली सात सीटची डॅटसन गो प्लस आली 2015 मध्ये आणि रेनो ट्रायबर 2019 मध्ये.

स्पर्धक जगभरातले असतात, त्यामुळे असे नियम उलगडून लिहावे लागतात. 2012 म्हटलं की युरोपातला माणूस धुराच्या प्रदूषणाचा तिकडचा नियम, युरो 5, सरळ धरून बसतो. आपल्याकडचा तसा नियम भारत स्टेज 4, तो एप्रिल 2010 मध्ये फक्त 13 शहरांत लागू झाला. त्या शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, कराड नव्हतं. कराडला स्टेज 3 चालायचं. पेट्रोल 91 ऑक्टेनचं (ऑक्टेन कमी असलं की जास्त दाबाच्या, म्हणजे उंच कॉम्प्रेशनच्या इंजिनात पेट्रोल अवेळी पेटतं). हे आधी सांगितलं नाही तर निम्मे लोक 95 ऑक्टेनवर उंच कॉम्प्रेशनचं इंजिन पाठवतील आणि त्यांना बाद करताना तुमच्याच जिवावर येईल.

खेळाची कोणती आवृत्ती चालेल तेही नक्की लिहा. बीटा, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत बनवलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि मुदत संपल्यावर ती रडारड ऐकण्यात अर्थ नसतो.

आता आकडे. खेळ प्रत्येक गाडीला आराम, चालवण्यातली सुलभता, सुरक्षितता, विश्वासार्हता, मायलेज, देखभालखर्च असे गुण देतो. ते सगळे एका तक्त्यात उतरवा. कशाला किती वजन द्यायचं ते पहिली फाईल उघडण्याआधी ठरवून कुठेतरी लिहून ठेवा आणि मग बदलू नका. पण हे सूत्र स्पर्धकांना देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. काही यजमान देतात. मग गाड्या कुटुंबासाठी न बनता सूत्रासाठी बनतात. ‘महत्त्वाचं’, ‘बरं’, ‘नसलं तरी चालेल’ एवढ्या तीन पायऱ्या सांगितल्या की पुरे.

तक्ता वाचताना बेरजेवर भाळू नका, आधी फैलाव बघा. समजा सगळ्या गाड्यांचा आरामाचा गुण 28 ते 31 च्या दरम्यान आहे. मग आरामावरून क्रम लावणं फसवं आहे, तो अर्धा-एक गुण आजीच्या गुडघ्यांना कळणारसुद्धा नाही. पण देखभालखर्च एकीचा दुसरीच्या दुप्पट असेल तर तिथे थांबा. ज्या रकान्यात गाड्या खरोखर वेगळ्या पडतात, तिथेच निर्णय होतो.

काही गोष्टी मात्र तक्ता सांगतच नाही. इंजिन किती आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) किती ओढतं, तो आलेख उघडून बघा. कागदावर भरपूर ताकद दिसावी म्हणून काही जण कॅम प्रोफाइल (इंजिनाचे व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणारी घडण) चढवतात. ताकद वाढते, पण ती वरच्या आरपीएमला. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर काढताना खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमला मिळणारी ओढ लागते, आणि ती अशा इंजिनात गायब असते. माझ्या फेरीत सर्वांत जास्त ताकदीची गाडी घाटासाठी सर्वांत वाईट निघाली. थोडी दुबळी पण 2000 आरपीएमच्या आसपास ओढणारी गाडी पुढे गेली.

शंका असेल तर गाडी ‘बीमएनजी ड्राइव्ह’ या गाडी चालवण्याच्या खेळात नेऊन चालवा. दोन्ही खेळांत ती सोय आहे. कुंभार्ली घाट तिथे नाही, पण त्या खेळातल्या इटलीच्या नकाशातले डोंगररस्ते त्या कामी येतात. (सगळ्या गाड्या चालवत बसू नका, निकाल दिवाळीपर्यंत लागणार नाही. शेवटच्या चार-पाच पुरेत.)

सुरक्षिततेवर मी बराच अडलो. युरोपातल्या स्पर्धकांनी सहा-सहा एअरबॅग देऊन किंमत वाढवून ठेवली होती. पण 2012 मध्ये कराडचं कुटुंब शोरूममध्ये एअरबॅगबद्दल विचारत नव्हतं. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्या आपटून त्यांचे निकाल जाहीर केले तेच जानेवारी 2014 मध्ये, आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली 2019 मध्ये. आजची समज त्या काळातल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात घालायची नाही, हे मी पाळलं. सुरक्षिततेला वजन दिलं, पण मायलेजपेक्षा कमी. यावर वाद झाला. होऊ द्यावा.

दिसण्याबद्दल थोडक्यात. सुंदर आहे का, हे नंतर. आधी ती त्या सालातली वाटते का ते बघा. 2012 च्या गाडीला 1995 चे चौकोनी दिवे लावले असतील तर ते मुद्दाम केलंय की घाईत, हे बाकीच्या गाडीवरून ओळखू येतं. इंधनाचं झाकण, वायपर, नंबर प्लेटची जागा विसरलेली सापडते. एखादी गोष्ट राहिली म्हणून बाद करू नका, चार राहिल्या असतील तर करा.

निकाल लिहिणं हा सगळ्यांत वेळखाऊ भाग आणि लोक वाचतात तोही हाच. मी तो कुटुंबाच्या तोंडून लिहितो. आजोबा दार उघडून ‘हे फार खाली आहे’ म्हणतात, मुलगा मागच्या रांगेत गुडघे छातीला लावून बसतो. मात्र प्रत्येक गाडीमागे एक ठोस आकडा आणि एक ठोस कारण द्याच. पहिल्याच फेरीत बाद झालेल्यांना दोन ओळी जास्त लिहा. त्यांतले बरेच जण पहिल्यांदाच उतरलेले असतात, काही शाळकरी असतात, आणि ‘नियमात बसत नाही’ एवढंच वाचून ते परत येत नाहीत. टिंगल तर अजिबात नको, कितीही सुचली तरी.

ऑटोमोबाइलमध्ये नोकरी शोधणाऱ्या पोरांनी हा तक्ता आणि निकालाचं लिखाण जपून ठेवावं. प्रॉडक्ट प्लॅनिंगच्या (कोणासाठी कशी गाडी काढायची ते ठरवणाऱ्या विभागाच्या) मुलाखतीत ‘गिऱ्हाईक कोण, त्याच्यासाठी काय सोडलं आणि का’ हा प्रश्न हमखास येतो, आणि दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

माझ्या फेरीत जिंकली 3990 मिलिमीटरची, उंच छताची, तीन रांगांची गाडी. तिसऱ्या रांगेत फक्त मुलंच मावतील आणि सगळे बसले की मागे आंब्याची एकच पेटी राहील, हे बनवणाऱ्याने गाडीसोबतच्या जाहिरातीतच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. बाकीच्या पेट्या टपावर. दुसऱ्या नंबरची गाडी प्रत्येक बाबतीत थोडी सरस होती, फक्त लांबी 4180 होती आणि कर मिळवल्यावर ती बजेटबाहेर गेली. ती बनवणाऱ्याने पूर्ण तक्ता मागितला. मी दिला, वजनांसकट. निकाल लागल्यानंतर मागेल त्याला तो द्यायचाच असतो.